रात्रीच्या वेळी हाक कोणास मारावी?
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एक दिवस आम्ही बोलावे अशी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली, तेव्हा त्यांची कल्पना बहुधा अशी असावी की, मास्तर माणूस आहे, मुलांच्या अभ्यासाविषयी आणि पालकांच्या कर्तव्याविषयी दोन शब्द सांगेल आणि खाली बसेल. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि "अमेरिकेतल्या काळ्या बायका? आपल्या ट्रस्टच्या महोत्सवात?" एवढेच विचारले. नाही मात्र म्हणाले नाहीत. त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रात्री दीडच्या सुमारास, आमच्या दारावर थाप पडली. गल्लीतल्याच एका घरची बाई अनवाणी उभी होती. तिचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. हुशार, अबोल, गणितात पहिला. दोन वर्षांपासून त्याच्या मनाचा तोल ढळला होता. त्या रात्री त्याने खोलीतले सगळे फोडले होते, हातात खलबत्त्यातला बत्ता होता, आणि जिन्यात कोणाला चढू देत नव्हता. खाली शेजारी जमले होते. एकजण म्हणत होता, पोलिसांना फोन लावा. ती माउली आमच्यापुढे हात जोडून म्हणाली, "सर, पोलीस नकोत. ते त्याला मारतील. तुम्ही चला."

आम्ही गेलो खरे, पण जिन्याच्या तळाशी आमचे पाय लटपटत होते. ट्रेनिंग कॉलेजात बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी सोडविला होता. त्यातले एक वाक्यही त्या वेळी आठवेना. निभावून नेले ते गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकाबाईंनी. सर्वजण त्यांना सिस्टर म्हणत. त्या आल्या, गर्दीला घरोघर पाठविले, तिसऱ्या पायरीवर बसल्या आणि वर न पाहता म्हणाल्या, "बाबा रे, गुडघे दुखतात माझे, मी काही वर येत नाही. तूच खाली ये, आणि येताना पाणी आण." तो आला नाही. बाई बसून राहिल्या. तासाभराने त्याने पाणी आणून दिले. फजरची अजान झाली तेव्हा दोघे एकाच पायरीवर बसून चहा पीत होते. सकाळी तो आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेला.

असो. हे आमच्या गल्लीतले झाले. पुढे कधीतरी वाचनात आले की, अमेरिकेत काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी नेमके हेच काम, म्हणजे पायरीवर जाऊन बसण्याचे काम, संघटितपणे अंगावर घेतले आहे. तेव्हापासून त्यासंबंधी मिळेल ते वाचीत आलो.

तिकडे संकटसमयी ९११ हा एकच आकडा फिरवितात. हा आकडा फार पुराणा नव्हे. पहिला फोन अलाबामा संस्थानातल्या हेलीव्हिल या लहानशा गावी १९६८ च्या फेब्रुवारीत झाला. घराला आग लागली तर बंब येतो, छातीत कळ आली तर रुग्णवाहिका येते. परंतु घरातला माणूस भ्रमिष्ट होऊन ओरडू लागला, तर बहुतेक ठिकाणी येतो तो पोलीस, आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असते.

याचा परिणाम काय होतो, त्याची एक जुनी हकीकत सांगतो. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात एलेनॉर बम्पर्स नावाच्या सहासष्ट वर्षांच्या कृष्णवर्णीय बाई सरकारी चाळीत राहत. महिना अठ्ठ्याण्णव डॉलर पासष्ट सेंट भाडे. ते काही महिने थकले होते. बाईंना भास होत. शहराने पाठविलेल्या मनोविकारतज्ज्ञाने त्यांना पाहिले आणि इस्पितळात हलवावे असे मत दिले. पण कारभाऱ्यांनी ठरविले की आधी घर खाली करून घ्यावे, मग इस्पितळाचे पाहू. २९ ऑक्टोबर १९८४ रोजी पोलिसांची खास तुकडी दार फोडून आत शिरली. बाईंच्या हातात स्वयंपाकाची सुरी होती. बंदुकीच्या दोन गोळ्यांनी त्यांचा प्राण गेला. गोळी झाडणारा शिपाई १९८७ साली निर्दोष सुटला. बाईंची मुलगी मेरी बम्पर्स पुढे कित्येक वर्षे सभांतून आणि मोर्चांतून आईचे नाव घेत हिंडली.

यानंतर बत्तीस वर्षांनी त्याच ब्रॉन्क्समध्ये, त्याच वयाच्या डेबोरा डॅनर या दुसऱ्या कृष्णवर्णीय बाई, १८ ऑक्टोबर २०१६ रोजी, आपल्याच शयनगृहात पोलीस सार्जंटच्या गोळीने मेल्या. या बाई सुशिक्षित, संगणकाच्या क्षेत्रात नोकरी केलेल्या. स्वतःच्या आजाराविषयी त्यांनी २०१२ साली एक निबंध लिहून ठेवला होता. मनोरुग्णाची गाठ वैद्याऐवजी पोलिसाशी पडते आणि तो जिवास मुकतो, असे त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले होते. पोलिसांनी मारलेल्या एका स्त्रीचा उल्लेखही त्यात आहे. तो बम्पर्सबाईंचाच असावा. स्वतःच्या मरणाचा मजकूर चार वर्षे आधी लिहून ठेवणे म्हणजे काय, याचा विचार करता आमची त्या रात्री झोप उडाली. हाही सार्जंट २०१८ साली सुटला.

आता आम्ही आज ज्यांच्याविषयी बोलायला उभे आहोत, त्या स्त्रियांकडे वळू.

कॅलिफोर्निया संस्थानात ओकलंड नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे कॅट ब्रुक्स या नाट्यकलावती राहतात. नाटक लिहावे, रंगभूमीवर उभे राहावे, नभोवाणीवर बोलावे, असा त्यांचा पेशा. २०१५ साली व्हर्जिनियात नताशा मॅकेना ही सदतीस वर्षांची मनोरुग्ण स्त्री तुरुंगात होती. हातपाय जखडलेले असताना तिला विजेचे चार झटके देण्यात आले आणि त्यानंतर काही दिवसांनी ती मरण पावली. तिच्यावर ब्रुक्सबाईंनी 'टाशा' नावाचा एकपात्री प्रयोग रचला आणि स्वतः केला. आपल्याकडे रंगभूमीचे वेड घरोघर असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो. परंतु बाई प्रयोग करून थांबल्या नाहीत. त्या आणि असांतेवा बॉयकिन या दोघी अँटी पोलिस-टेरर प्रोजेक्ट या संस्थेच्या संस्थापकांपैकी. यांतल्या बॉयकिनबाई सॅक्रामेंटो शहरात परिचारिका. तीही अपघात आणि तातडीच्या विभागातली. हे वाचले तेव्हा आम्हांला आमच्या गल्लीतल्या सिस्टर आठवल्या, हे सांगायला नकोच.

अपघात विभागातली परिचारिका रोज काय पाहते? झटापटीनंतर बेड्यांसह आणलेला रुग्ण पाहते. तासाभरापूर्वी कोणी नीट बोलले असते तर हा येथे आलाच नसता, हे तिला कळते. बॉयकिनबाई आणि त्यांच्या सोबतिणींनी २०२० च्या जानेवारीत सॅक्रामेंटो येथे 'एमएच फर्स्ट' नावाची व्यवस्था सुरू केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात ओकलंडला तिची शाखा निघाली. व्यवस्था साधी आहे. एक दूरध्वनी क्रमांक. फोन आला की प्रथम फोनवरच बोलायचे. पुष्कळसे तेथेच शांत होते. नाही झाले तर तिघांचे पथक निघते. एकाला वैद्यकीय ज्ञान, दुसऱ्याला मनाच्या आजाराची समज, आणि तिसऱ्याचे काम आजूबाजूला लक्ष ठेवण्याचे, म्हणजे रहदारी, बघ्यांची गर्दी, आणि कदाचित येऊन ठेपलेले पोलीस यांच्याशी बोलण्याचे. शस्त्र कोणाजवळ नाही. माणसे बहुतेक स्वयंसेवक, त्यांना आवाज कसा ठेवावा, किती अंतरावर उभे राहावे, दार अडवून कसे उभे राहू नये, याचे शिक्षण दिलेले. नुसते मनोविकाराचेच प्रसंग नव्हेत. नशेने बेभान झालेला, किंवा नवऱ्याच्या मारापासून निसटू पाहणारी बाई, यांच्यासाठीही ही मंडळी जातात.

वेळ कोणती निवडली? शनिवार-रविवारच्या आगेमागे येणाऱ्या रात्री. कारण सरकारी दवाखाने, सल्लाकेंद्रे, समाजसेवक सारे त्या वेळी बंद असतात, आणि जागा असतो तो फक्त पोलीस. आम्हांला या साऱ्या हकीकतीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पोलिसांशी वाद पुष्कळांनी घातला, निबंधही पुष्कळांनी लिहिले. या बायांनी घड्याळ पाहिले आणि जेथे भोक होते तेथे जाऊन बसल्या.

पुढे काम सरकारदरबारी गेले. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय सदस्या सिडनी कामलागर यांनी संस्थानाच्या विधिमंडळात विधेयक आणले की, अशा लोकसंस्थांना सरकारी अनुदान मिळावे. ब्रुक्सबाई आणि त्यांच्या साथीदारांनी त्यासाठी रान उठविले. २०२० साली ते मंजूर झाले, पण गव्हर्नरांनी सही केली नाही. हेतू मान्य, परंतु पैसा आणीबाणी खात्यातून जाणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा खाते बदलून, समाजकल्याण खात्याकडे योजना देऊन, २०२१ साली विधेयक पुन्हा आणले आणि त्या वेळी सही मिळाली. ज्यांनी ट्रस्टच्या कामासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आहेत त्या आपल्या विश्वस्तांना यात नवल वाटणार नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायलाच एक वर्ष लागते, मग ते बेळगाव असो की सॅक्रामेंटो.

दुसरी हकीकत इलिनॉय संस्थानातली. शिकागोजवळ कॅल्युमेट सिटी येथे स्टीफन वॉट्स हा पंधरा वर्षांचा ऑटिझम असलेला कृष्णवर्णीय मुलगा १ फेब्रुवारी २०१२ रोजी घरातच पोलिसांच्या गोळीने मेला. घरच्यांनी त्याला आवरण्यासाठी म्हणून बोलावणे धाडले होते. पंधरा वर्षे म्हणजे आमच्या नववी-दहावीच्या वर्गातला मुलगा. त्याची आई आणि बहीण हे दुःख घेऊन अॅक्सेस लिव्हिंग या अपंगांच्या संस्थेकडे आल्या. तेथे कँडेस कोलमन या, स्वतः अपंग असलेल्या, कृष्णवर्णीय कार्यकर्त्या तरुण अपंग मुलामुलींना एकत्र करीत होत्या. या सर्वांनी मिळून कित्येक वर्षे खेटे घातल्यावर २०२१ च्या ऑगस्टात कायदा झाला. मनाच्या आजाराच्या प्रसंगी पोलिसाऐवजी त्या आजाराची जाण असलेले कामगार पाठवावेत, असे त्या कायद्याने ठरविले. स्टीफनचे नाव त्या कायद्याशी जोडले गेले आहे.

येथे हकीकत संपली असती तर किती बरे झाले असते. कायद्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे पुढे ढकलली गेली. आणि त्याच इलिनॉयमध्ये स्प्रिंगफील्डजवळ, ६ जुलै २०२४ च्या मध्यरात्रीनंतर, सोन्या मॅसी या छत्तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईने घराबाहेर कोणी आहे असे वाटून स्वतःच ९११ ला फोन केला. शेरीफचा शिपाई आला. चुलीवरच्या गरम पाण्याच्या भांड्यावरून बोलाचाली झाली, आणि त्याने तिच्या चेहऱ्यावर गोळी झाडली. आदल्याच दिवशी तिच्या आईने फोनवरून विनविले होते की, मुलीची मनःस्थिती बरी नाही, तिला इजा करू नका, भांडखोर शिपाई पाठवू नका. त्या शिपायाला ज्यूरीने २०२५ च्या ऑक्टोबरात दोषी ठरविले. पण आईचे शब्द पाहा. आमच्या दाराशी आलेल्या बाईचे शब्द वेगळे होते काय?

तिसरे उदाहरण जरा निराळ्या जातीचे आहे, आणि आम्हांला ते फार आवडते. शिकागोच्या एंगलवूड भागात पंचाहत्तरावा रस्ता आणि स्टुअर्ट रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर २०१५ च्या उन्हाळ्यात एका तरुण आईचा खून झाला. बदला घेण्यासाठी पोरे पुन्हा बंदुका उचलणार हे उघड होते. टमार मनासे नावाची बाई आणि तिच्यासारख्या काही आया यांनी काय करावे? घडीच्या खुर्च्या उचलल्या, त्या कोपऱ्यावर मांडल्या आणि बसल्या. शेगडी पेटविली. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना खाऊ घातले, नावे विचारली, जवळ घेतले. रोज दुपारी यायचे, अंधार पडेपर्यंत बसायचे. आईसमोर कोणी खून करीत नाही, एवढेच त्यांचे शास्त्र! उन्हाळा संपला, पुढल्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या. ज्या पोराची आजी ओळखीची झाली, ज्याने आपल्या हातचे खाल्ले, त्याला दुरून ओरडावे लागत नाही. आम्ही शिक्षक हे जाणतो. ज्या मुलाचे नाव ठाऊक नाही त्याच्यावर आवाज चढवावा लागतो.

परंतु तुम्हांला अर्धे सांगणे आमच्याने होणार नाही. २६ जुलै २०१९ रोजी रात्री त्याच कोपऱ्यावर धावत्या मोटारीतून गोळ्या सुटल्या आणि या कामात वावरणाऱ्या दोन आया ठार झाल्या. नेम त्यांच्यावर नसावा, असे पोलीस म्हणाले. गेलेल्या गेल्याच. बाकीच्या आया घरी बसल्या नाहीत; खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या.

आता आमच्या मनातल्या शंका. पहिली अशी की, कृष्णवर्णीय समाजाला पोलीस नकोच आहेत, असे समजणे चूक होईल. २०२० च्या उन्हाळ्यात, जेव्हा त्या देशभर मोर्चे निघत होते, तेव्हा गॅलप संस्थेने विचारणा केली. शंभरांतल्या एक्क्याऐंशी कृष्णवर्णीयांनी, आपल्या वस्तीत पोलिसांनी आहे तेवढा किंवा अधिक वेळ द्यावा, असे उत्तर दिले. चोर-दरोडेखोराचे भय गरिबालाच अधिक. या स्त्रियांपैकी काहींचे म्हणणे पोलीस खातेच हळूहळू नाहीसे व्हावे असे आहे. आम्हांला ते पटत नाही. पण आजारी मुलापुढे पिस्तूल नको, हे पटण्यासाठी ते पटावे लागत नाही.

दुसरी शंका टिकण्याची. ओरेगॉनमधल्या युजीन शहरात १९८९ पासून 'काहूट्स' नावाचे असेच बिनशस्त्र पथक होते. ते काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी काढलेले नव्हे, पण देशभर नमुना म्हणून सर्वजण त्याकडे बोट दाखवीत. पैशाअभावी त्या शहरातले त्याचे काम २०२५ च्या एप्रिलात बंद पडले. छत्तीस वर्षांचे झाड! शुक्रवारी-शनिवारी रात्र जागणारी स्वयंसेविका सोमवारी नोकरीवर जाते. तिची मुले कोण पाहते, तिची दमणूक कोण मोजते? कृष्णवर्णीय बाई सर्व काही सोसते, असे म्हणून तिच्यावरच सगळे टाकण्याची सोय त्या समाजातही आहे. आपल्याकडेही अशी सोय घरोघर आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. समोरच्या रांगेत भगिनी हसू लागल्या आहेत.

कोणी विचारील, पोलिसांचे काम असे दुसऱ्याने उचललेले कधी टिकले आहे काय? टिकले आहे. पिट्सबर्ग शहरात १९६७ पूर्वी आजाऱ्याला इस्पितळात नेण्याचे काम पोलिसांची गाडीच करी. रुग्ण मागे टाकायचा आणि गाडी हाकायची. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेकार तरुणांना शिकवून 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा निघाली. वाटेतच उपचार करणारी ती त्या देशातली पहिल्यांपैकी सेवा. १९७५ साली शहराने ते काम आपल्याकडे घेतले आणि ज्यांनी ते उभारले त्यांतल्या बहुतेकांना हळूहळू बाहेर काढले, हा भाग दुःखाचा. पण आज रुग्णवाहिकेत पोलिसाने येऊन बसावे असे कोणास वाटते काय? आपल्या ट्रस्टची रुग्णवाहिका दाराशी उभी आहे. तिच्याकडे पाहताना हे आठवावे.

मराठी माणसाने हे दूरचे समजू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. १९७२ साली मुंबईत तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले ते तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून. पत्रव्यवहार जुना आहे. मध्ये आपणच उत्तर द्यायचे विसरलो.

आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे. भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसाने सांभाळून दवाखान्यात न्यावे, कोठडीत मुळीच ठेवू नये, असे तो सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांकही आहे. फोनवर माणूस भेटतो. ज्यांनी तो अद्याप लिहून घेतला नसेल त्यांनी लिहून घ्यावा, आम्ही थांबतो.

घेतला? ठीक. फोनवर माणूस भेटतो, पण पायरीवर येऊन बसत नाही. आमच्या सिस्टर गेल्या वर्षी अल्लाघरी गेल्या, आम्ही आमच्या भाषेत म्हणतो. त्यांच्या घरचे म्हणतात, देवाघरी गेल्या. त्यानंतर एके दिवशी त्या मुलाची आई वाटेत भेटली. मुलगा आता एका दुकानात हिशेब लिहितो, औषध घेतो, बरा आहे. ती म्हणाली, "सर, पुन्हा तसं झालं, तर आता रात्री कोणाला बोलवू?" आम्ही गप्प राहिलो.

म्हणून चिटणीससाहेबांच्या परवानगीने कचेरीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. महिन्यातली एक शनिवारची रात्र जागायला जे तयार असतील, त्यांनी नाव आणि फोन लिहावा. शहरातले एक मनोविकारतज्ज्ञ अशा लोकांना चार रविवार फुकट शिकवायला कबूल झाले आहेत. वहीत आम्ही येथे यायच्या आधीच दोन नावे पडली आहेत. एक आमचे. दुसरे त्या मुलाच्या आईचे.